गाडी अडते ती जागा

१

अब्राहाम मास्तर माणसांवर कधी रागावत नसत. देवळाली प्रवऱ्याच्या मिशन शाळेत ते शास्त्र शिकवायचे. त्यांच्या तासाला पोरं खुशाल पेंगत, तरी मास्तर आपले फळ्याकडे तोंड करून चुंबकाच्या बलरेषा काढत राहत. त्यांचा सगळा राग वस्तूंसाठी राखून ठेवलेला होता. पेटीचं कुलूप उघडेना, सायकलची चेन उतरली, स्टोव्ह धड पेटेना, की हा सालस माणूस दातओठ खात उठायचा. "अडतं म्हणजे काय?" असं त्या वस्तूलाच विचारायचा, आणि ती वठणीवर येईपर्यंत किंवा मोडेपर्यंत तिला सोडायचा नाही. घरात मोडक्या वस्तू जरा जास्तच होत्या.

त्यांची बायको सारा मिशनच्या दवाखान्यात नर्स. तिथले गोरे डॉक्टर कायमचे मायदेशी निघाले तेव्हा त्यांनी घरातलं सामान वाटून टाकलं. कुणाला कपाट मिळालं, कुणाला पडदे. साराच्या वाट्याला त्यांच्या मुलांची आगगाडी आली. बोटभर अंतराचे रूळ, काळं कुळकुळीत इंजिन आणि मागं लावायचे डबे. साराला खरं तर शिवणयंत्र हवं होतं. पण मास्तरांनी ते इंजिन हातात घेऊन उलटं केलं, अंगठ्यानं चाकं फिरवून पाहिली, आणि तिनं ओळखलं की हे आता घरातून हलत नाही.

मधल्या खोलीत दोन ट्रंकांवर एक जुना दरवाजा आडवा टाकून मास्तरांनी त्यावर रूळ गोल मांडले. शाळा सुटली की चहा, चहा झाला की गाडी, असा नेमच पडला. गाडीचा वेग कमी-जास्त करायचा मूळचा डबा जळका निघाला, म्हणून मास्तरांनी जुन्या शेगडीची तार गुंडाळून स्वतः एक डबा केला. मूठ फिरवली की वीज कमी-जास्त व्हायची. गाडी छान पळायला लागली. फक्त मागच्या भिंतीकडच्या रुळांवर आली की मंदावायची, गुरगुरायची आणि उभी राहायची.

२

आधी त्यांनी रूळ पुसले. मग चाकं पुसली. मग इंजिन हातानं ढकलून पाहिलं, तर ते त्या जागेवरून बिनबोभाट गेलं. दरवाजा कलता असेल म्हणून काचेची गोटी ठेवली, ती जिथल्या तिथं बसून राहिली. रुळांत काही खोट असेल म्हणून त्यांनी अख्खा दरवाजा उलटा फिरवला. म्हणजे भिंतीकडचे रूळ खोलीकडं आले आणि खोलीकडचे भिंतीकडं गेले.

गाडी तरीही भिंतीकडंच अडली. काल जिथं सुसाट गेली होती तेच रूळ आज भिंतीकडं होते, आणि आज त्यांच्यावर ती उभी राहिली.

मास्तरांनी इंजिनाच्या पुढं बोट धरलं. तिथं हवेशिवाय काही नव्हतं. ते बराच वेळ तसेच वाकून राहिले, आणि मग त्यांना जे वाटलं ते त्यांनी लगेच डोक्यातून काढून टाकलं. त्यांना वाटलं होतं की इंजिन कशाला तरी टेकलं आहे.

"अडतं म्हणजे काय?" ते म्हणाले.

दोष विजेच्या डब्याचा, असं त्यांनी ठरवलं. तारेच्या डब्याची खोड अशी, की गाडीवर भार आला की तो आणखीच ढिला पडतो. नगरला जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन भरणार होतं, शाळेतर्फे मास्तरांचं नाव गेलं होतं. तिथं अडणारी गाडी घेऊन जायची म्हणजे हसं करून घ्यायचं. श्रीरामपूरला गहिनीनाथचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्याच्याकडून त्यांनी ट्रान्झिस्टर आणले, त्यातला एक जाडजूड, लोखंडी टोपीचा.

"मास्तर, येवढा दांडगा कशाला?" गहिनीनाथ म्हणाला. "ह्याच्यावर सभेचा कर्णा वाजतोय. तुमची गाडी केवढी, हा केवढा!"

"असू दे. जोर कमी पडायला नको."

आठवडाभर घरात सोल्डरिंगच्या धुराचा वास भरून राहिला. नवा डबा गाडीला वीज सलग देत नसे, तुकड्या-तुकड्यांनी देई. एका सेकंदात असे कितीतरी ठोके, आणि प्रत्येक ठोका पुऱ्या ताकदीचा. गाडीला किती जोर लागतोय ते दाखवणारा काटाही त्यांनी डब्यावर बसवला. चहा न पिताच त्यांनी मूठ फिरवली. गाडी भिंतीकडं आली, अडली, काटा चढला. मास्तरांनी मूठ आणखी दाबून फिरवली. इंजिनानं एक हिसका दिला, काहीतरी ओलांडल्यासारखं उचललं गेलं, आणि पलीकडं जाऊन धावायला लागलं.

भिंतीमागं शेळी ओरडली. एकदाच, पण माणसासारखी.

३

शेळी शेजारच्या साळूबाईची. मास्तरांच्या मागच्या भिंतीच्या सावलीला ती खुंटीला बांधलेली असे. मास्तर धावत मागं गेले तेव्हा साळूबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

"बघा की वो मास्तर, माझ्या शेळीचं काय झालं!" ती ऊर बडवायला लागली. "आत्ता पाला घालून वळले, तर ही अशी! बैलगाडीखाली आली म्हनावं, तर गाडी हाय कुठं हितं?"

शेळीच्या पोटावरून पाठीपर्यंत दोन रेघा गेल्या होत्या. सरळ, शेजारी शेजारी, मध्ये बोटभर अंतर. कातडी फार फाटली नव्हती, पण रेघांच्या खाली सगळ्या बरगड्यांचा चुरा झाला होता. शेळीच्या नाकातोंडातून रक्ताचा फेस येत होता आणि मागचे पाय अजून चालल्यासारखे हलत होते. सारानं खाली बसून हात लावला आणि लगेच मान हलवली.

"तारेचं कुंपण अंगावर पडलं असेल," मास्तर म्हणाले.

"कसली तार? तार न्हाई न काय न्हाई!"

तार खरंच कुठंही नव्हती. मास्तरांनी उगाच इकडंतिकडं बघितलं आणि घरात आले. गाडी त्यांनी चालूच टाकली होती. ती गरगर फिरत होती, मागच्या भिंतीकडं येत होती आणि न अडता जात होती. काटा जरासुद्धा हलत नव्हता. साळूबाईचं रडणं भिंतीतून ऐकू येत असतानाही मास्तरांना बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. नादुरुस्त वस्तू दुरुस्त झाली होती.

४

हे सुख थोडेच दिवस टिकलं. एका संध्याकाळी गाडी पुन्हा मंदावली. या वेळी स्वयंपाकघराच्या भिंतीकडं.

मास्तरांनी कपाळाला हात लावला. मूठ पुरी फिरवली तरी गाडी पुढं जाईना. शेळीच्या वेळी जेवढा जोर पुरला होता तो इथं पुरत नव्हता. काटा वर जाऊन थरथरायचा, इंजिन तापायचं, आणि अडवणारं जे काय होतं ते तसूभर हलायचं नाही.

मग त्यांनी आणखी एक डबा बांधला, आणि तो मात्र नाव घेण्यासारखा झाला. विजेच्या दोन ठोक्यांच्या मध्ये हा डबा गाडीची नाडी बघायचा. मोटर ठरल्या वेगानं फिरतेय ना? नसेल तर पुढचा ठोका जास्त लांब. तरी नसेल तर आणखी लांब. गाडी जितकी अडेल तितका जोर वाढवायचा, असा त्याचा स्वभाव. आणखी एक खुबी त्यांनी घातली होती. खरी आगगाडी काही खटका दाबल्यासारखी थांबत नाही, सावकाश थांबते. तशीच त्यांची गाडीही मूठ शून्यावर आणली तरी थोडी पुढं जात जात, हळूहळू उभी राहायची. ही करामत त्यांनी साराला पुन्हा पुन्हा दाखवली.

"छान आहे," सारा म्हणायची. "आता भाकरी खाऊन घ्या."

त्या दिवशी ती स्वयंपाकघरात भाकरीच थापत होती. गाडी त्या भिंतीकडं आली आणि मंदावली. मास्तरांनी मूठ सोडून दिली आणि हाताची घडी घातली. आता त्यांना काही करायचं नव्हतं, डबाच सगळं करणार होता. काटा चढला. आणखी चढला. इंजिन पुढं सरकलं, मागं ढकललं गेलं, पुन्हा सरकलं. मास्तर श्वास रोखून बघत होते. त्यांच्या तोंडून "चल, चल" असं निघत होतं. काटा टोकाला जाऊन टेकला आणि गाडी सुटली.

स्वयंपाकघरात परात आपटली आणि सारा किंचाळली.

५

तिच्या पिंढरीवर, गुडघ्याच्या खाली, दोन रेघा उमटल्या होत्या. आधी पांढऱ्या, मग बघता बघता लाल, मग काळ्यानिळ्या. हाड मोडलं नव्हतं, पण पाय टेकवत नव्हता. सारानं स्वतःच पट्टी बांधली. बसल्या बसल्या चुलीची कड लागली असणार, नाहीतर शीर फुटली असणार, असं तिनं स्वतःच ठरवलं. दवाखान्यात तिनं याहून चमत्कारिक जखमा बघितल्या होत्या. मधल्या खोलीत खिडकीखाली खाट टाकली आणि ती तिथं पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा डोळा लागला होता. मास्तरांनी जादा रुळांतला एक वीतभर तुकडा घेतला, पट्टी हलक्या हातानं बाजूला सारली आणि तो तिच्या पायावर ठेवला. दोन्ही रूळ दोन्ही रेघांत बरोबर बसले. त्यांनी तुकडा थोडा वर सरकवला, खाली सरकवला. कुठंही केसभर फरक नव्हता.

सारानं डोळे उघडले. "काय करताय?"

मास्तरांच्या हातातून रूळ खाली पडला. त्यांनी तिला सगळं सांगून टाकलं. गाडी मागच्या भिंतीकडं अडायची तेव्हा भिंतीमागं शेळी होती. ती मेली आणि तिथलं अडणं संपलं. मग गाडी स्वयंपाकघराकडं अडायला लागली, आणि तिथं सारा होती.

"आणि आज सकाळी मी अगदी हळू लावून बघितली," ते म्हणाले. "आता ती खिडकीकडं अडते. तुझ्या खाटेकडं. मी लगेच बंद केली, देवाशप्पथ."

सारानं पट्टी पुन्हा जागेवर सारली. मग तिला हसूच आलं. "अहो, तुम्ही शास्त्राचे मास्तर ना? पोरांना हेच शिकवता?"

"मी प्रदर्शनाला नाही जात. गाडी माळ्यावर टाकतो."

"वेड लागलंय तुम्हाला. आधी गाडीपायी, आता गाडीच्या भीतीपायी. एक काही बरं धरा."

मास्तरांनी पडलेला रूळ उचलला. त्यांना मनापासून वाटत होतं की तिचंच खरं असावं. योगायोग दोनदा होऊ शकतो, तीनदाही होऊ शकतो, हे त्यांनी स्वतःला समजावलं. पण त्यांच्या बोटांना अजून कळत होतं, की रूळ त्या पायावर किती घट्ट बसले होते.

६

रविवारी उपासनेला सारा जाऊ शकत नव्हती. मास्तरांना बायबलातला शास्त्रपाठ वाचायचा होता, म्हणून ते धुतलेला शर्ट घालून तयार झाले. चपला शोधत होते तेवढ्यात सारा खाटेवरून म्हणाली, "इकडं या. जायच्या आधी ती गाडी लावा."

"नाही."

"लावा म्हणते ना! चार दिवस तुम्ही माझ्याकडं असं बघताय, मी आत्ता मरते की मग मरते. मला झोप लागत नाही त्या नजरेनं. माझ्यासमोर लावा, एकदम जोरात लावा. काय व्हायचं ते एकदाच होऊ दे, आणि ही भुताटकी डोक्यातून जाऊ दे."

"सारा, नको."

ती कधी ऐकणारी नव्हतीच. खाट रूळ मांडलेल्या दरवाज्याला लागूनच होती. तिनं कोपरावर उठून हात लांब केला, बटण दाबलं आणि डब्याची मूठ थेट शेवटापर्यंत फिरवली. मास्तर पुढं धावले. इंजिन हलकेच हललं, डबे एकामागून एक ओढले गेले, गाडी वेग घ्यायला लागली, आणि वळण घेऊन खिडकीकडच्या रुळांना लागायच्या आत थांबली.

घरातला दिवाही गेला होता. सगळ्या गावाची वीज गेली होती. त्या वर्षी पावसानं तोंड फिरवल्यापासून ती केव्हाही जायची.

क्षणभर दोघं एकमेकांकडं बघत राहिली. मग सारा खो खो हसायला लागली, आणि मास्तरही हसले. त्यांना इतकं हलकं वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं. तिच्या अंगाला कुठं ओरखडासुद्धा नव्हता. तिकडं चर्चची घंटा व्हायला लागली.

"पळा आता, पाळकसाहेब वाट बघत असतील," ती म्हणाली. "बघितलंत ना? काही झालं का मला?"

"नाही," मास्तर म्हणाले. त्यांनी तिच्या अंगावर पांघरूण नीट घातलं, कपाळावर हात ठेवला आणि निघाले.

वीज गेली की माणूस बटणाकडं बघत नाही. बघायचं कारणच काय? सगळं बंदच असतं.

७

चर्चमध्ये उकाडा होता. वाळ्याच्या पंख्यांनी बाया वारा घेत होत्या. मास्तरांनी शास्त्रपाठ खणखणीत वाचला, त्यांचा आवाज आज मोकळा लागला होता. वाचून ते जागेवर येऊन बसले, आणि पेटीवर गीताचा सूर लागला.

त्यांच्या टकलाला गार वारं लागलं. किती बरं वाटलं! बाकीच्यांसारखं त्यांनीही वर बघितलं. छताचा पंखा कुरकुरत फिरायला लागला होता. वीज आली होती.

मास्तर जे उठले ते बाकावरच्या माणसांना तुडवतच उठले. पाळकसाहेब काहीतरी म्हणाले, ते त्यांनी ऐकलं नाही. चपला बाहेरच राहिल्या. उन्हानं तापलेल्या फुफाट्यातून ते अनवाणी पळत सुटले, ठेचकाळले, गुडघे फोडून घेतले, पुन्हा उठून पळाले. वाटेत प्रत्येक घरात रेडिओ बोलायला लागला होता. मूठ शेवटाला आहे, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. मूठ शेवटाला आहे, आणि मीच त्या डब्याला सांगून ठेवलंय की अडलं तर जोर वाढव.

घराच्या दारात साळूबाई उभी होती. तिच्या हातातलं ताक सांडलं होतं आणि ती आत पाऊल टाकत नव्हती.

"मास्तर," ती पुटपुटली, "बाई कुनाला ढकलतीया वो?"

आत जळक्या तारेचा वास कोंडला होता. खिडकीकडच्या रुळांवर इंजिन जागच्या जागी उभं होतं आणि त्याची चाकं फिरत होती. काटा टोकाला टेकलेला. आणि खाटेवर सारा भिंतीला पाठ लावून बसली होती. तिनं दोन्ही हात समोर ताठ धरले होते, पंजे उभे, कुणाच्या छातीवर टेकवल्यासारखे. तिच्या समोर काहीच नव्हतं. पण तिची मनगटं मागं वाकली होती, एका हाताची बोटं भलतीकडं वळली होती, आणि तळव्यांतल्या दोन दोन रेघांतून रक्त निघून कोपरांवरून गळत होतं. पायाखालच्या चादरीवर दोन चर पडले होते, ते तिच्या मांडीपर्यंत आले होते. तिला ओरडायलासुद्धा दम उरला नव्हता. तिनं फक्त डोळे फिरवून नवऱ्याकडं बघितलं.

मास्तरांनी झेप घेतली. भिंतीतली पिन ओढायची की मूठ फिरवायची, हा विचार करायला वेळ नव्हता. रोज संध्याकाळी जो हात मुठीवर जायचा तो मुठीवरच गेला. त्यांनी ती गर्रकन शून्यावर आणली.

"बंद केली, सारा!" ते ओरडले. "बंद केली मी!"

तिनं ऐकलं. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, ओठ हलले, आणि तिनं दोन्ही हात खाली टाकले.

गाडी पुढं निघाली. मूठ शून्यावर आली तरी ती थोडी पुढं जातेच, हे मास्तरांना आठवलं, आणि ते पिनेकडं वळले, पण पिन भिंतीत घट्ट बसली होती. त्यांनी तिला हिसडे दिले, शिव्या घातल्या. मागं खाटेवर ओला ऊस चरकात जाताना होतो तसा आवाज झाला. सावकाश झाला, पायथ्याकडून वरपर्यंत. दारातून साळूबाईची किंकाळी आली आणि ती पळत सुटल्याचं ऐकू आलं. मास्तर ओरडत होते, कुणाला तरी थांबायला सांगत होते. त्यांनी मागं वळून बघितलं नाही.

पिन हातात आली तेव्हा काटा कधीच शून्यावर आला होता. गाडी खिडकीकडचे रूळ ओलांडून, वेग कमी करत करत, खऱ्या आगगाडीसारखी, एकाही डब्याला हिसका न बसता उभी राहिली.